अखजीची घागर आणि आत्याचं पाणी : अचलपूरचे चार दिवस

गुरुवार, ९ मे २०२४

बुधवारी रात्री कल्याणहून अमरावती एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मूर्तिजापूरला उतरलो. मी, माझी धाकटी बहीण आणि माझी लेक. लेक आता चौदाची आहे आणि तिने अचलपूर फक्त दोनदा बघितलंय, तेही लग्नाच्या गडबडीत. यावेळी मोठ्या आईचाच फोन आला होता, "या अखजीले सगळे या, मी सरगुंडे करून ठेवते." अखजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. मोठी आई ८२ वर्षांची आहे आणि तिने असं आपणहून बोलावलेलं मला तरी आठवत नाही, कारण तिला कधी बोलवावंच लागलं नाही. परीक्षा संपली की आम्ही जायचोच. त्यामुळे रजा वगैरे जे काय करायचं ते केलं आणि निघालो.

लेकीने गाडीत विचारलं, मोठी आई म्हणजे नक्की कोण? आमच्याकडे वऱ्हाडात बाबांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई, काका-काकू हे धाकट्यांसाठी. शाळेत मैत्रिणी मला विचारायच्या तुला दोन आया आहेत का, मी हो म्हणायचे. खोटं नव्हतंच ते. सुट्टीत वेणी मोठी आई घालायची, ताप आला तर उशाशी मोठी आई बसायची, आणि आमची आई तिकडे गेली की मोठ्या आईची धाकटी जाऊ होऊन जायची, आमच्याकडे बघायलाही तिला वेळ नसायचा.

मूर्तिजापूर स्टेशनवर उतरले की माझी नजर आपोआप शकुंतलेच्या फलाटाकडे जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शकुंतला म्हणजे आमची नॅरोगेज, अडीच फुटी रूळ, मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला. किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा म्हणून ही लाईन टाकली. आमच्या लहानपणी तिला कोळशाचं इंजिन होतं, ते १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं, आणि ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता काही वर्षं गाडीच बंद आहे. शंभर किलोमीटरसुद्धा नाही हे अंतर, पण शकुंतलेला चार तास तरी लागायचे. गार्डच तिकीट फाडायचा, फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते बंद करायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि पळत येऊन परत चढायचा. आम्ही सगळे पोट्टे खिडकीत लटकून त्याला ओरडून ओरडून बोलवायचो, जणू काही तो राहून गेला तर आमचाच मामा हरवणार होता. अचलपूरला उतरेपर्यंत डोळ्यात कोळशाची कणी गेलेली असायचीच आणि मग मोठी आई पदराचं टोक जिभेने ओलं करून ती काढायची.

दादा, म्हणजे मोठ्या आईचा मुलगा, गाडी घेऊन आला होता. रस्ता बराचसा रुळांच्या सोबतीनेच जातो. लाखपुरीला पूर्णा नदी लागते, आणि मग दर्यापूर. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव मात्र बनोसा. दादाला म्हटलं जरा थांबव.

रुळांमध्ये बाभळी वाढल्यात. मी तिथे उभी राहिले आणि मला आत्या आठवली.

आत्याला दर्यापूरजवळच्या एका खेड्यात दिली होती. हा सगळा पूर्णेचा खोरा म्हणजे खारपाणपट्टा, जमीन काळीभोर, कापूस-हरभरा मस्त होतो पण खाली पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, खारटच लागणार. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, सोडा टाकावा लागतो, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध घातलं तर फाटतं. आणि आमचं अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांचा मुलूख, तिथलं पाणी गोड. अंतर बघाल तर दोन-अडीच तासांचं, तेही शकुंतलेच्या वेगाने. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, जमीन बघून लेक दिली होती, पंचवीस एकर काळं वावर. पाण्याचं कोणी विचारलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना हट्ट करून आत्यासोबत तिच्या गावी गेले होते, १९८३ चा उन्हाळा असेल. माहेरून निघताना आत्या नेहमी पितळी कळशी भरून घ्यायची, तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधायची आणि ती मांडीत धरून शकुंतलेत बसायची. तिच्या घरी पोचल्यावर मी पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला. रडले पण. आत्याने काही न बोलता कळशीचं फडकं सोडलं आणि मला त्यातलं पाणी दिलं. मी चार दिवस राहिले, चारही दिवस मला तेच पाणी. आतेभाऊ माझ्याहून लहान, तो माझ्या ग्लासाकडे बघायचा, आत्या त्याला डोळ्यांनी दटावायची. ती स्वतः रांजणातलं खारट पाणी प्यायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी कळशी रिकामी झाली आणि पाचव्या दिवशी सकाळी मला घरी पोचवलं. ती कळशी तिने वर्षाच्या सणांना, देवाला आणि कोणी मोठा पाहुणा आला तर त्याच्या चहाला पुरवून पुरवून वापरायला आणलेली असायची हे मला कळलं तेव्हा मी स्वतः एका मुलीची आई झाले होते. आत्याशी या विषयावर बोलायचं राहूनच गेलं. २०१९ मध्ये ती गेली, मूतखड्याचा त्रास तिला तरुणपणापासून होता आणि शेवटी किडन्याच गेल्या.

हे सगळं मी लेकीला त्या बनोसा स्टेशनवर उभ्याने सांगितलं. दादा तोपर्यंत गाडीत हॉर्न वाजवत होता कारण ऊन चढायला लागलं होतं.

पुढे अंजनगाव, सुर्जी-अंजनगावचा तह आपण इतिहासात शिकतो ना, १८०३ चा, शिंदे आणि इंग्रजांचा, तेच हे गाव. आम्हाला मात्र ते पानमळ्यांमुळे माहीत, मोठे बाबा इथूनच विड्याची पानं मागवायचे. थांबलो नाही. पथ्रोट गेलं की डोंगराची निळी रेघ दिसायला लागते, लहानपणी ती पहिली कोण बघतो यावर आमची भांडणं व्हायची, आज बहिणीने माझ्या आधी बघितली आणि ती पन्नाशीला आलेली बाई टाळ्या वाजवायला लागली.

मोठी आई दारातच बाजेवर बसलेली. खूप बारीक झालीये. "आले काय रे पोट्टेहो, काऊन एवढा टाइम लागला? बसू नका, आंधी पानी प्या." आणि मग लेकीकडे बघून, "हे कोनाची पोट्टी व? हुबेहूब आत्याच्या तोंडाची." लेक माझ्याकडे बघायला लागली. मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं, पण मोठ्या आईने म्हटल्यावर दिसलं, हनुवटी तीच आहे.

शुक्रवार, १० मे, अखजी

अक्षय तृतीया म्हणजे बाकीकडे सोनं घ्यायचा दिवस, आमच्याकडे अखजी हा पितरांचा दिवस. घरातून जे गेले त्यांच्या नावाने मातीची घागर भरायची. उन्हाळ्याचे दिवस, वर त्यांना तहान लागली असेल, इतका साधा विचार. घागरीच्या गळ्याला सूत गुंडाळायचं, आत वाळा टाकायचा, वर आंबा किंवा खरबूज ठेवायचं आणि पुढे पळसाच्या पत्रावळीवर स्वयंपाकातलं सगळं वाढायचं.

पहाटे पाचला मला जाग आली ती गडगडीच्या आवाजाने. आमच्या अंगणात आड आहे, त्याला मोटर बसवून वीस वर्षं तरी झाली, शिवाय नळ आहे आणि वहिनीने स्वयंपाकघरात फिल्टरही लावलाय. पण अखजीची घागर मोटरच्या पाण्याने भरलेली मोठ्या आईला चालत नाही, दोरानेच ओढायचं. दादाने नवा दोर आणला होता आणि लेक पाणी ओढत होती, तिला जमत नव्हतं, बादली आडाच्या दगडांवर आपटून अर्धी सांडायची. मोठी आई बाजेवरून सांगत होती, "हात लांब धर, आंगाले लावू नको दोर, आता सोड, हं." तिसऱ्या बादलीला जमलं. दोराच्या काथ्याने तळवे लाल झालेले तिने मला दाखवले, तक्रार म्हणून नाही, मोठ्या खुशीत.

या आडाजवळ मला आत्याच दिसते. ती माहेरी यायची ती स्टेशनवरून रिक्षाने, दारात पिशव्या टाकायची आणि कोणाशी एक शब्द न बोलता थेट आडावर. स्वतः बादली ओढायची, ग्लास नाही गडवा नाही, खाली वाकून ओंजळीने प्यायची. आम्ही मोजायचो. पाच ओंजळी, कधी सहा. मग तोंडावर पाणी मारायची आणि पदराने पुसत म्हणायची, "हं, आता इचारा काय इचारायचं थे." आम्हा मुलांना वाटायचं आत्याला काही रोग आहे. मोठी आई तोवर चुलीवर पाणी तापत ठेवायची आणि जेवणाच्या आधी आत्याची न्हाणी असायची. खारट पाण्याने तिचे केस झाडूसारखे राठ व्हायचे, मोठी आई शिकेकाई लावून लावून ते मोकळे करायची आणि आत्या डोळे मिटून पाटावर बसलेली. नणंदेचे केस भावजय धुतेय, हे मी दुसऱ्या कुठल्याच घरी बघितलं नाही. मोठी आई लग्न होऊन आली तेव्हा सोळाची होती आणि आत्या बाराची, दोघी या घरात एकत्रच मोठ्या झाल्या म्हणायच्या.

नऊ वाजता घागरी मांडल्या. आबाजींची, आजीची, मोठ्या बाबांची आणि माझ्या बाबांची. चार. आणि मग मोठ्या आईने वहिनीला पाचवी आणायला सांगितली, लहानशी, पण सगळ्यात कोरी. दादा म्हणाला, आई आत्याची घागर तिच्या घरी भरतात ना, ती त्या घरची. शास्त्र बघितलं तर त्याचं बरोबर आहे, लग्न झालेल्या लेकीचं सगळं सासरी. मोठी आई म्हणाली, "तथी भरते त्याइची त्याइले भरू दे. थ्या पान्यात जलम गेला तिचा. इथलं पानी तिले इथूनच भेटन." आणि ती घागर तिने कोणाला भरू दिली नाही, तिला उभं राहवत नाही पण ती माझ्या हाताला धरून उठली, बादलीतलं पाणी गडव्याने काढून तिने स्वतः भरली. हात थरथरत होते, थोडं बाहेर सांडलं. त्या घागरीवर आंबा ठेवायच्या आधी तिने एक गोष्ट केली जी बाकीच्या चार घागरींना केली नाही, आत बोटं बुडवून एक थेंब जिभेला लावला. पाणी गोड आहे ना ते बघितलं.

माझ्याच्याने तिथे उभं राहवलं नाही, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

स्वयंपाक भरपूर होता, पुरणपोळी, वडे, कुरड्या, चिंचवणी, आंब्याचा रस आणि सरगुंडे. सरगुंड्यांबद्दल थोडं लिहितेच कारण नव्या पिढीत कोणी करत नाही. घट्ट मळलेल्या पिठाची बारीक वळी घ्यायची, ती गुळगुळीत बारीक काडीवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, तळहाताने पाटावर हलकी फिरवायची आणि काडीवरून अलगद ओढून काढायची की पोकळ नळी तयार. ती सावलीत वाळवायची आणि खायच्या वेळी उकडून रसासोबत खायची. मोठ्या आईने हे टोपलंभर सरगुंडे एकटीने आठ दिवसांत केले होते, रोज थोडे थोडे, बोटं दुखायला लागली की थांबायची असं वहिनीने हळूच सांगितलं. लहानपणी हे काम घरभरच्या बायका मिळून करायच्या, अंगणात चार बाजा सरगुंड्यांनी भरलेल्या असायच्या आणि चिमण्या हाकलायचं काम आमचं. आत्याचा हात सगळ्यात जलद होता, तिची काडीही वेगळी होती, सायकलच्या चाकाची तार, ती तिने कोणाला वापरू दिली नाही.

गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकले, तुपाची धार सोडली, कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं आणि मग पंगत बसली. लहान काकांचा मुलगा नाशिकहून बायको-मुलांसह आला होता, चुलत बहिणी परतवाड्याहून आल्या, एकूण १९ माणसं झालो. एके काळी याच घरात उन्हाळ्यात तीस-पस्तीस असायचो. जेवल्यावर लेकीने वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, हे सरगुंडे मला शिकवशील का. मोठी आई म्हणाली, "उद्या."

शनिवार, ११ मे

सकाळी सगळी तरुण मंडळी चिखलदऱ्याला गेली. मी गेले नाही, चिखलदरा मी खूपदा बघितलंय, भीमकुंड, गाविलगड, सगळं आपापल्या जागी असेल. मी आणि बहीण पायी गावात फिरलो. दुल्हा गेटातून गेलो, परकोटाची भिंत ठिकठिकाणी पडलीये. हे गाव म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, पण आम्हा मुलांना इतिहासाचं काही नव्हतं, आमचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालायचं. मोठे बाबा विदर्भ मिलमध्ये होते. भोंगा झाला की मोठी आई चहाचं आधण ठेवायची आणि मोठे बाबा सायकलवरून येताना हँडलला आमच्यासाठी काहीतरी टांगलेलं असायचं, फुटाणे, काकड्या, एकदा तर जिवंत कासव. पुढे मुंबईची फिनले मिल इकडे आणली, गावात केवढा आनंद झाला होता, दादाचे दोन मित्र तिथे लागलेही, आणि लॉकडाऊनपासून तीही बंद. गेटसमोर चहाची टपरी चालू होती, तिथे चहा घेतला. टपरीवाल्याने आमचं आडनाव ऐकून मोठ्या बाबांचं नाव सांगितलं. पैसे घेतले नाहीत त्याने.

लेक चिखलदऱ्याला गेली नव्हती. आम्ही परत आलो तर ती आणि मोठी आई ओसरीत पाट घेऊन बसलेल्या. मोठ्या आईने भिंतीतल्या कोनाड्यातून एक कापडाची पुरचुंडी काढायला लावली, त्यात चारपाच काड्या आणि ती तार. आत्याची. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ती तार इथेच होती, कारण आत्या सरगुंडे फक्त माहेरी करायची, तिकडच्या पाण्यात पीठ तसं येतच नाही म्हणायची. मोठ्या आईने ती तार लेकीच्या हातात दिली. बाकी काही बोलली नाही, फक्त "जोर नको लावू". लेकीचे पहिले दहा-बारा तुटले, मग एक अख्खा निघाला, वाकडा, एका बाजूला जाड. मोठ्या आईने तो उचलून उजेडात धरला आणि त्याच्या भोकातून बघितलं.

रात्री गच्चीवर झोपलो. जुनं धाब्याचं घर होतं तेव्हा वर पाणी शिंपडलं की मातीचा वास यायचा, आता स्लॅब आहे, तो रात्री दोनपर्यंत तापलेला असतो. तरी सगळे वरच. बारा गाद्या एका ओळीत, आणि कडेला कोण झोपणार यावरून पन्नाशीतली माणसं भांडली.

रविवार, १२ मे

निघताना मोठ्या आईने कळशी पुढे केली. पितळेची, घासूनपुसून लख्ख, तोंडाला ओलं फडकं. "दर्यापुरावरूनच जासान ना? भाच्याले देऊन दे. म्हना, तुया मायनं पाठवली." मी म्हटलं मोठी आई, आता त्यांच्याकडे शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, गोड. ती म्हणाली, "माहीत हाये मले." आणि कळशी लेकीच्या मांडीवर ठेवली.

नमस्कार करताना तिने मला खाली वाकू दिलं नाही, मीच तिच्या बाजेवर बसले, बराच वेळ. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

कळशी लेकीने अख्खा रस्ता मांडीत धरली. फडक्यातून पाणी झिरपून तिची जीन्स भिजली, दादा म्हणाला खाली ठेव, तिने नाही ठेवली.

आतेभाऊ गावच्या फाट्यावरच येऊन थांबला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत आणि तो हसला की थेट आत्या. घरी पोचल्यावर वहिनीने, म्हणजे आतेभावाच्या बायकोने, नळाचं पाणी आणून दिलं, खरंच गोड आहे, वहिनी सांगत होती की आता डाळ सोड्याशिवाय शिजते. मग लेकीने कळशी पुढे केली आणि मोठ्या आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला, वऱ्हाडीत, अडखळत. आतेभाऊ काही बोलला नाही. त्याने फडकं सोडलं, वहिनी ग्लास आणायला आत वळली तर तिला हातानेच थांबवलं, आणि अंगणात वाकून उभा राहिला. लेकीने कळशी तिरपी केली आणि तो ओंजळीने प्यायला. मी मोजलं नाही. मग त्याने नातवंडांना हाक मारली, तीनही पोरं धावत आली, त्यांना ओळीने उभं केलं आणि एकेकाच्या ओंजळीत थोडं थोडं घालायला सांगितलं.

धाकट्याने विचारलं, कशाचं पाणी आहे?

"माया मामाच्या घरचं हाये. पे."